नवा संगणक हँग का होतो? धारणीतील एका यंत्राचा तपास

'हँग होणे' हे क्रियापद मराठीने इतके आपलेसे केले आहे की त्याला आता परके म्हणण्यात अर्थ उरलेला नाही. मोबाइल हँग होतो, बँकेतली सिस्टिम हँग होते, आणि अवघड प्रश्न विचारला की माणूसही हँग होतो. अडचण एवढीच, की या एका शब्दाखाली संगणकाचे तीन-चार अगदी वेगळे आजार झाकले जातात आणि दुरुस्तीचे पहिले आठ-पंधरा दिवस भलत्याच दिशेने जातात.

एखादाच प्रोग्रॅम अडकतो, माऊसचा बाण मात्र फिरत असतो. हा दोष बहुधा त्या प्रोग्रॅमचा, नाहीतर डिस्ककडून उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचा. कधी यंत्र खट्‌कन बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होते. तिथे पहिला संशय विजेवर, पॉवर सप्लायवर किंवा अतितापलेल्या प्रोसेसरवर घ्यावा. निळा पडदा आला तर विंडोजला बिघाड कळलेला असतो आणि तिने स्वतःहून काम थांबवलेले असते. सर्वात छळणारा प्रकार याहून निराळा. पडद्यावरचे चित्र जसेच्या तसे राहते, कोपऱ्यातले घड्याळ थांबते, बाण हलत नाही, आणि गाणे सुरू असेल तर त्याचा एक इवला तुकडा घर्रर्र करत वाजत राहतो. हा घर्राटा ऐकून लोक स्पीकर खराब झाला म्हणतात. प्रत्यक्षात आवाजाचा छोटा तुकडा मेमरीत भरून ठेवलेला असतो आणि साउंडचे हार्डवेअर तो तिथून परस्पर उचलत असते. पुढचा तुकडा भरून देणारा प्रोसेसरच थांबला, म्हणून जुनाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. अशा वेळी कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर आत अजून कोणीतरी जागे आहे. दिवा ढिम्म असेल तर यंत्र पूर्ण थिजलेले आहे. या लेखात बोलायचे आहे ते या शेवटच्या प्रकाराविषयी.

गेली अठरा वर्षे मी अमरावती, परतवाडा, धारणी या पट्ट्यात संगणक जोडण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो. गेल्या मे महिन्यात धारणीहून एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. "भाऊ, नवाकोरा कॉम्प्युटर हाय, तीन हप्ते बी नाही झाले, अन् दिवसातून दोनदा-तीनदा मंधातच अटकते. काय करावं?" दुकानदार दुसऱ्या शहरातला. त्याने फोनवरूनच दोनदा विंडोज नव्याने टाकायला लावले होते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तेव्हा 'तुमच्या तिकडे लाइटीचा प्रॉब्लेम हाय' असा निकाल दिला होता. मेळघाटातल्या माणसाला हे लगेच पटते. धारणीत यंत्र बिघडले की पहिला आरोप विजेवरच जातो, आणि पुष्कळदा तो खराही असतो.

या यंत्रावर काय चालत होते हे सांगायला हवे, कारण तपासाची घाई त्यामुळेच होती. गुरुजी आणि त्यांची तीन-चार तरुण मुले गेली काही वर्षे कोरकू गावांत जाऊन म्हाताऱ्या माणसांची गाणी आणि गोष्टी ध्वनिमुद्रित करत आहेत. कोरकू ही मुंडा गटातली भाषा. मराठीशी किंवा हिंदीशी तिचे रक्ताचे नाते नाही, आणि होळीची जी गाणी ऐंशीच्या घरातल्या आजीला येतात ती नातवाला येतीलच असे नाही. मुलांकडे एक रेकॉर्डर आणि मोजकी मेमरी कार्डे. गावात जायचे, कार्ड भरून आणायचे, संगणकावर उतरवायचे, कार्ड पुसायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. म्हणजे कार्ड पुसले की त्या गाण्याची जगातली एकमेव प्रत या नव्या संगणकात राहणार.

मी फोनवर पहिले सांगितले ते दुरुस्तीचे नव्हतेच. "गुरुजी, मी येईपर्यंत एकही कार्ड पुसू नका." कारण थिजणाऱ्या यंत्राबाबत माझी खरी भीती थिजण्याची नसते. त्याकडे पुढे येऊ.

परतवाडा सोडून सेमाडोह आणि हरिसालवरून धारणीला जाताना मेळघाटचा घाटरस्ता लागतो. हरिसालला २०१६ साली राज्यातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजावाजा झाला होता. धारणी तिथून पुढे, मध्यप्रदेशच्या हद्दीला लागून. सुटा भाग हवा असेल तर अमरावतीपेक्षा बऱ्हाणपूर जवळ पडते. अशा ठिकाणी 'एक एक भाग बदलून पाहू' ही शहरी दुकानदाराची पद्धत परवडत नाही. आधी डोके चालवावे लागते, मग स्क्रू-ड्रायव्हर.

विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची नोंदवही असते. तीत प्रत्येक थिजण्यानंतर 'कर्नेल-पॉवर ४१' अशी लाल खुणेची नोंद सापडते. इथे निम्मे मेकॅनिक फसतात. 'पॉवर' हा शब्द वाचला की पॉवर सप्लाय बदलायला घेतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी यंत्र नीट बंद झाले नव्हते. थिजलेले यंत्र आपणच बटण दाबून धरून बंद केले असेल, तरी हीच नोंद होते. ती मृत्यूचा दाखला आहे, शवविच्छेदनाचा अहवाल नाही. त्याच वहीत 'व्हिआ-लॉगर' नावाने नोंदी असत्या तर प्रोसेसरने किंवा मदरबोर्डने एखादी हार्डवेअरची चूक पकडली असे म्हणता आले असते. इथे तसे काही नव्हते.

मग कागदाची वही घेतली. यंत्रावर बसणारा मुलगा चुणचुणीत होता. त्याला रकाने आखून दिले: वेळ, त्या क्षणी काय चालू होते, विजेचा दाब किती, आणि खोलीत त्या वेळी आणखी कोणती उपकरणे सुरू होती. दाब पाहायला भिंतीच्या सॉकेटात लावायचा दोनशे-तीनशे रुपयांचा आकडे दाखवणारा मीटर पुरतो. "दादा, दरवेळी सगळंच लिहायचं?" त्याने विचारले. सगळेच लिहायचे. आणि हँग झाले नाही त्या तासांचीही नोंद ठेवायची, कारण नुसत्या बिघाडांची यादी अर्धीच साक्ष देते. मी परत गेलो आणि दोन आठवड्यांनी आलो.

वहीत चौदा बिघाड होते. जवळजवळ सगळे दुपारी एक ते साडेचारच्या दरम्यान. मुलाचा निष्कर्ष तयार होता: "रेकॉर्डिंग उघडलं की हँग होते." गुरुजींचा वेगळा: दुपारी गावभर कूलर लागतात, दाब १९० पर्यंत उतरतो, म्हणून. दोघांच्याही बाजूने वही बोलत होती. पण शेवटच्या रकान्यात एक गोष्ट होती जी दोघांच्याही लक्षात आली नव्हती. चौदापैकी तेरा वेळा त्या खोलीतला कूलर बंद होता. का, तर ध्वनिमुद्रण ऐकून शब्द उतरवून घ्यायचे तर कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. म्हणून पोरे कूलर बंद करत आणि पत्र्याच्या छताखाली, मे महिन्यात, घाम पुसत ऐकत बसत. खोलीतला तापमापक अशा वेळी ४१ अंश दाखवत होता.

म्हणजे संशयित तीन: ध्वनीचा प्रोग्रॅम, विजेचा दाब आणि उष्णता. तिघेही दुपारी एकत्रच हजर. त्यांना वेगळे करणे हेच खरे काम.

विजेचे आधी पाहू. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. चांगल्या पॉवर सप्लायवर '१००-२४०' असे छापलेले असते आणि तो १९० व्होल्टवरही आतले १२ व्होल्ट नीट देतो. वीज क्षणभर गेली तर त्याच्यातले कपॅसिटर पूर्ण भार असताना साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतात. विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर जाताना संगणक कधी टिकतो, कधी रिस्टार्ट होतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटे बटण असते, त्यावर 'यूपीएस' असे लिहिलेले असते. ते त्या बाजूला केले की बदल लवकर होतो. हे बटण अनेक घरांत वर्षानुवर्षे कोणी पाहिलेलेही नसते. पण लक्षात घ्या, विजेच्या अशा धक्क्याने यंत्र बंद पडते किंवा पुन्हा सुरू होते. चित्र तसेच ठेवून थिजणे हे त्याचे नेहमीचे लक्षण नाही. त्यामुळे विजेविरुद्धचा पुरावा मला सुरुवातीपासूनच कच्चा वाटत होता.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हीही गुरुजींची तक्रार होती, आणि ती खरी होती. पॉवर सप्लायमध्ये वीज गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याच्या पेटीकडे जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून येणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पेटीवर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे सव्वाशेच्या आतबाहेर व्होल्ट दिसतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणूस मरत नाही, पण चटका बसतो आणि मायक्रोफोनमध्ये गुणगुण येते. त्या घरात सॉकेटला तिसरे भोक होते, त्यामागे तार नव्हती. आम्ही अंगणात खड्डा घेऊन कोळसा-मीठ भरून अर्थिंग करून घेतले. झिणझिण्या गेल्या, गुणगुण गेली. थिजणे गेले नाही. एका यंत्रात दोन खरे दोष एकाच वेळी असू शकतात, आणि सापडलेला पहिला दोष हाच गुन्हेगार मानायचा मोह आवरावा लागतो.

आता फोड. एका दुपारी बाहेरची वीज काढून संगणक शुद्ध साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर चालवला. दाब २३० वर स्थिर, कूलर बंद. दोनदा थिजला. दुसऱ्या दुपारी उलट केले: संगणक थेट घरच्या विजेवर, दाब १९० ते २२० दरम्यान नाचतो आहे, पण कॅबिनेटची बाजू उघडून त्यावर टेबलफॅन रोखलेला. ध्वनीचा प्रोग्रॅम दिवसभर सुरू. एकदाही थिजला नाही. वीज सुटली, प्रोग्रॅमही सुटला. राहिली उष्णता, आणि उष्णतेने आत नेमके कोण कोलमडते हा प्रश्न.

प्रोसेसरचे तापमान ठीक होते, आणि तो अति तापला तर स्वतःच वेग कमी करतो. कॅबिनेट मात्र दर्शनी बाजूला काच, आत रंगीबेरंगी दिवे आणि मागे एकच पंखा असा. हवा आत यायला समोर जागाच नाही. हल्ली अशी पेटी 'गेमिंग' म्हणून खपवली जाते. माझ्या मते विदर्भात ती विकायलाच बंदी हवी. असो. संशय रॅमवर गेला. तिच्यावरच्या लेबलवर ३२०० चा वेग आणि १.३५ व्होल्ट असे छापले होते, आणि जोडणाऱ्याने बायोसमध्ये त्यासाठीचे 'एक्सएमपी' सुरू केले होते. हात न लावता ती २६६६ वर, १.२ व्होल्टवर चालली असती.

रॅम म्हणजे काय, तर कोट्यवधी सूक्ष्म कपॅसिटर. भरलेला म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. पण हे सगळे पाझरणारे रांजण आहेत. भरून ठेवलेले पाणी क्षणात झिरपून जाते, म्हणून मेमरीची यंत्रणा प्रत्येक रांजणावर दर ६४ मिलिसेकंदांत एकदा फिरते, पातळी पाहते आणि पुन्हा भरते. तापमान वाढले की पाझर वाढतो. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर ही फेरी दुप्पट वेगाने मारावी असा प्रमाणित नियमच आहे. सगळे रांजण सारखे नसतात. लाखांत एखादा मुळातच जास्त पाझरणारा निघतो. कारखान्यातल्या चाचणीत तो काठावर पास होतो आणि धारणीच्या दुपारी नापास होतो.

रॅम तपासायला मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम आहे. तो पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालतो. दुकानदाराने म्हणे तो आधीच चालवला होता आणि रॅम 'ओके' निघाली होती. आम्हीही पहिल्यांदा रात्री लावून ठेवला. सकाळपर्यंत चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. नंतर तोच प्रोग्रॅम दुपारी साडेबाराला, कूलर बंद करून, पेटी बंद ठेवून लावला. दोन वाजून वीस मिनिटांनी पडदा लाल. सतरा चुका, सगळ्या जवळजवळच्या पत्त्यांवर आणि सगळीकडे तोच एक बिट. योगायोगाची चूक दरवेळी वेगळ्या ठिकाणी पडते. तीच जागा पुन्हा पुन्हा सापडली तर तिथे काहीतरी शारीरिक दोष आहे. दोन्ही रॅम काढून एकेक लावून पाहिल्या, मग स्लॉट बदलले. चूक स्लॉटमागे गेली नाही, एका रॅममागे गेली. एक्सएमपी बंद करून २६६६ वर चालवली तेव्हा चुका कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. दुसरी रॅम एकटी चार दुपारी निर्दोष चालली.

नव्या यंत्रात हे का व्हावे, असे गुरुजींनी विचारले. इलेक्ट्रॉनिक वस्तू एक तर सुरुवातीच्या दिवसांत मरतात, नाहीतर म्हातारपणी. मधला काळ शांत जातो. शिवाय नवेपण ही कोणाचीच हमी नाही. २०२४ मध्ये इंटेलने आपल्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागण्याची खोड असल्याचे मान्य केले, मायक्रोकोड बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणून यंत्र थिजत असेल तर बायोस ताजा करणे हे फुकटचे पहिले पाऊल. आम्हीही ते केले होते, उपयोग झाला नव्हता.

आता त्या दुसऱ्या भीतीकडे. बदललेला बिट एखाद्या सूचनेत किंवा पत्त्यात असेल तर प्रोसेसर भरकटतो आणि यंत्र थिजते. पण तोच बिट एखाद्या फाइलच्या मजकुरात असेल तर? काहीच होत नाही. कार्डावरची फाइल डिस्कवर जाताना रॅममधूनच जाते. तिथे एक बिट बदलला तर बदललेलीच फाइल लिहिली जाते आणि विंडोज 'कॉपी पूर्ण' म्हणते. थिजणारे यंत्र निदान ओरडून सांगते. गप्प राहून चुकीचे लिहिणारे यंत्र जास्त घातक.

१८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली, तेव्हा ब्रसेल्समधील स्खारबेक येथे एका उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा जास्त मते पडलेली दिसली. कार्डे पुन्हा मोजल्यावर जादा मतांचा आकडा निघाला ४०९६. म्हणजे दोनचा बारावा घात, एकाच बिटाने उडी मारली की वाढणारी नेमकी संख्या. यंत्रात किंवा प्रोग्रॅममध्ये दुसरे कारण सापडले नाही. मते होती म्हणून अशक्य आकडा डोळ्यांत भरला. गाण्यात भरत नाही. मेमरीतले बिट आपोआप उलटतात हे इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७८ मध्येच दाखवले होते. तिथे गुन्हेगार निघाला चिपच्या आवरणातल्या किरणोत्सारी अंशातून सुटणारा अल्फा कण. पुढे २००९ साली गूगलच्या यंत्रांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक रॅममध्ये चुका सापडल्या, आणि बहुतेक चुका उडत्या कणांच्या नसून बिघडलेल्या भागांच्या असाव्यात असे दिसले. त्याच अभ्यासात तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी आढळला होता. पण गूगलच्या थंड केलेल्या केंद्रांतले 'गरम' आणि धारणीच्या पत्र्याखालचे 'गरम' यांत फरक आहे, आणि आमचा पुरावा तर समोर पडद्यावर होता.

यावरचा उपाय जुना आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅब्जमधले रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी रिलेच्या संगणकाला आपले गणित लावून जात. यंत्राला चूक झाल्याचे कळे, पण सुटीत कोणी नसल्याने ते गणित सोडून पुढच्याकडे वळे. यंत्राला चूक कळते तर ती कुठे आहे हे का कळू नये, या वैतागातून त्यांचा १९५० चा चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांचा लेख आला. सर्व्हरमधल्या 'ईसीसी' रॅमचे बीज तिथे आहे. ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवले की एक चूक दुरुस्त होते, दोन झाल्या तर निदान कळते. घरगुती संगणकात ही सोय सहसा नसते, का तर थोडी महाग पडते. हा काटकसरीचा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

आमच्या हातात ईसीसी नव्हते. न पुसलेली कार्डे होती. चांगल्या रॅमवर यंत्र चालू करून प्रत्येक कार्डावरच्या आणि डिस्कवरच्या फाइलचा 'शा-२५६' ठसा काढला. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा असतेच. फाइलमध्ये एक बिट जरी वेगळा असेल तरी ६४ अक्षरांचा हा ठसा पार बदलतो. एक गोष्ट इथे सांगण्यासारखी: कॉपी केल्याबरोबर ठसा काढू नये. विंडोज तेव्हा फाइल डिस्कवरून न वाचता रॅममध्ये राहिलेली प्रतच वाचून दाखवू शकते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, मग तपासावे. या जुळवणीत दोन फाइली वेगळ्या निघाल्या. त्या कार्डावरून पुन्हा उतरवल्या.

फोन येण्याआधी पुसलेली कार्डे तीन होती. त्यांचे ठसे जुळवायला मूळच उरले नव्हते, म्हणून मुलांनी तो सगळा ऐवज कानांनी तपासला. ध्वनीची न आवळलेली फाइल या बाबतीत दयाळू असते. खालचा बिट उलटला तर कळतही नाही, वरचा उलटला तर 'टक्' असा आवाज येतो आणि गाणे पुढे जाते. एक फाइल उघडतच नव्हती, तिच्या सुरुवातीच्या माहितीतच घाव बसला होता. तो भाग दुसऱ्या फाइलवरून पाहून हाताने दुरुस्त केला आणि ती उघडली. आणखी एका फाइलमध्ये, होळीच्या एका गाण्यात, तीन ठिकाणी टक्‌टक् ऐकू येते. सॉफ्टवेअरने ते पुसता येते, पण गुरुजींनी नको म्हटले. पुसल्यावर तिथे आजीचा सूर राहणार नाही, यंत्राने अंदाजाने भरलेला राहील, आणि पुढच्या ऐकणाऱ्याला ते कळणार नाही.

खराब रॅम वॉरंटीत बदलून मिळाली, तिला महिना लागला. काचेची पेटी काढून समोर जाळी आणि दोन पंखे असलेली साधी घेतली, आणि यंत्र एक्सएमपीशिवाय चालवायचे ठरले. आवाजाच्या कामाला त्या वेगाने काही अडत नाही. कार्ड आता ठसा जुळल्यावर आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत गेल्यावरच पुसले जाते. वही मुलाने चालूच ठेवली आहे. तिच्या शेवटच्या रकान्यात तो अजूनही 'कूलर बंद' असे लिहितो, कारण ऐकताना तो बंद ठेवावाच लागतो. टक्‌टक् असलेले गाणे गाणारी आजी हयात आहे, आणि दिवाळीची कामे आटोपली की पोरे रेकॉर्डर घेऊन तिच्या गावी पुन्हा जाणार आहेत.